पाऊस येण्याआधी नाव द्या : वसई-विरारच्या ख्रिस्ती तरुणांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना आवाहन

वसई, विरार, नायगाव आणि नालासोपाऱ्याच्या रहिवाशांनो, आणि विशेष करून आपल्या धर्मग्रामांतल्या तरुण मुलामुलींनो,

मे महिना सरत आला. मुंबई परिसरात मोसमी पाऊस पोहोचण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. त्याआधी हातात असलेल्या दिवसांत आपल्याला एक यादी पुरी करायची आहे. घरात पाणी शिरले तर ज्यांना स्वतःच्या पायांनी बाहेर पडता येणार नाही, अशा प्रत्येकाचे नाव या यादीत हवे. आणि प्रत्येक नावासमोर दोन तरुणांची नावे हवीत. पाणी चढू लागले की या दारात आधी आम्ही पोहोचू, असे कबूल केलेल्या दोघांची.

हे आवाहन त्या दोन नावांसाठी आहे. पैसे, ताडपत्री, औषधे यांचीही गरज आहे; त्याबद्दल पुढे सांगतोच. पण पुराच्या दिवशी धावून जाणारे हात आपल्या वसईत कधी कमी पडले नाहीत. नेमके कुठल्या दाराकडे धावायचे, हे मात्र त्या हातांना ठाऊक नसते. म्हणून चांगली धडधाकट पोरे कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून वाहने ढकलत राहतात, आणि चार घरे पलीकडे तळमजल्यावर पलंगाला खिळलेली म्हातारी अंधारात हाका मारत राहते. तिची हाक पावसाच्या आवाजात कोणाला ऐकू येत नाही.

पाणी का तुंबते, आणि कोणाच्या घरात

पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणा. मधला सखल भाग उथळ परातीसारखा आहे. डोंगरावरून उतरलेले पाणी समुद्राकडे निघते आणि वाटेत महामार्ग, रेल्वेचा भराव, अरुंद झालेले नाले यांत अडते. पूर्वी हे पाणी मिठागरांत, भातखाचरांत आणि पाणथळ जमिनीत पसरून दम खायचे. आता त्यातल्या कितीतरी जागांवर भराव पडून चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या आहेत. २०११च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती. त्यानंतर वस्ती किती वाढली, हे सकाळची विरार लोकल पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

त्यात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. खाडीचे तोंड भरतीने भरलेले असताना वरून मुसळधार पाऊस आला, तर नाल्यातले पाणी पुढे जायच्या ऐवजी मागे फिरते. कोळीवाड्यातल्या कोणालाही विचारा. उधाण कधी आणि भांग कधी, हे त्याला कॅलेंडर न बघता सांगता येते. आपल्या पूरनियोजनात हे ज्ञान अजून कोणी नीट वापरलेले नाही.

जुलै २०१८चा दुसरा आठवडा आठवा. नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले. पश्चिम रेल्वे थांबली. अडकलेल्या वडोदरा एक्सप्रेसमधल्या प्रवाशांना एनडीआरएफच्या जवानांनी बोटींतून बाहेर काढले. वसई पूर्वेच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली. मोठ्या भागात वीज गेली आणि लवकर आली नाही. वीज गेली की वरच्या टाकीत पाणी चढत नाही, लिफ्ट बंद पडते, मोबाइल बंद पडतो, घरी ऑक्सिजनचे यंत्र लावलेल्या माणसाचा श्वास अडतो. शहरात पूर आला तरी सातव्या मजल्यावरचा माणूस सुरक्षित आहे, असे आपण धरून चालतो. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिसला जायचे असेल तर?

म्हणून यादीत फक्त सखल भागातल्या चाळी नकोत. पश्चिमेच्या गावांतली, बागायतीत दडलेली मोठी घरेही हवीत. सांडोर, गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, कुठेही जा. मुले नोकरीसाठी परदेशात किंवा मुंबईत, आणि एवढ्या मोठ्या घरात म्हातारे आईवडील दोघेच किंवा एकटेच. घर ऐसपैस, अंगणात झाडे, दाराला कुलूप आतून. या घरांना कोणी गरजू समजत नाही. रात्री दोन वाजता पाणी ओटा ओलांडते तेव्हा मात्र गरज घराच्या आकारावरून ठरत नसते.

आणि यादीतला तिसरा गट, जो कोणाच्याच यादीत नसतो. बांधकामावरचे मजूर, वीटभट्टीवरून काम संपवून परतीच्या वाटेवर असलेली आदिवासी कुटुंबे, औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांत राहणारी बिहार-उत्तर प्रदेशची पोरे, पुलाखाली राहणारे. त्यांच्याकडे पत्ता नाही, म्हणून पुरानंतर पंचनाम्यातही त्यांचे नाव येत नाही.

यादी कशी करायची

ही कल्पना नवी नाही. फ्रेडरिक ओझानाम हा पॅरिसमधला विद्यार्थी २० वर्षांचा होता, तेव्हा १८३३ साली त्याने काही मित्रांबरोबर संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची सुरुवात केली. आदल्या वर्षी पॅरिसमध्ये कॉलराची साथ येऊन गेली होती. त्या पोरांकडे पैसा नव्हता. सिस्टर रोझाली रांदू या धर्मभगिनीने त्यांना गरिबांच्या घरी जायला शिकवले : स्वतः जा, बसा, ऐका. घरभेट हाच त्या कामाचा कणा झाला आणि आजही आहे. आपल्या बहुतेक धर्मग्रामांत ही सोसायटी आहे. तिचे सभासद वर्षभर ज्या दारांत जातात, ती दारे यादीची पहिली पाने आहेत. सोसायटीतल्या ज्येष्ठांना विनंती : तुमच्याकडची माहिती आणि तुमची ओळख या मुलांना द्या. तुम्ही बरोबर असाल तर दार लवकर उघडते.

बेल्जियमच्या जोसेफ कार्डाइन या धर्मगुरूने कामगार तरुणांना तीन पायऱ्या शिकवल्या होत्या : पाहा, पारखा, कृती करा. आपले तरुण तिसऱ्या पायरीवर एकदम उडी मारतात. या मे महिन्यात पहिल्या दोन पायऱ्या चढू या.

दोघा-दोघांनी जायचे, शक्यतो एक मुलगा आणि एक मुलगी. एका जोडीने एका रविवारी दहा-बारा घरांपेक्षा जास्त घेऊ नयेत. प्रत्येक घरी विचारायचे ते असे :

१. नाव, वय, मजला. जिना किती अरुंद आहे? खुर्चीत बसवून खाली आणता येईल, की स्ट्रेचर लागेल? उचलायला किती माणसे लागतील?

२. आजार कोणता, रोजची औषधे कोणती, किती दिवसांची शिल्लक आहेत. डायलिसिस असेल तर वार कोणते आणि रुग्णालय कोणते. इन्सुलिन असेल तर फ्रिज बंद पडल्यावर ते कुठे ठेवणार.

३. विजेवर चालणारे उपकरण आहे का : ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, नेब्युलायझर, हवेची गादी.

४. घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे. जवळचा नातेवाईक कोण, त्याचा नंबर. शेजारी कोण.

५. पाणी चढले तर जवळची उंच आणि पक्की जागा कोणती : शाळा, चर्चचे सभागृह, देऊळ, मशीद, शेजारची इमारत.

६. आधारकार्ड, रेशनकार्ड, घराची कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंच ठेवली आहेत का. नसतील तर त्याच भेटीत ते काम करून मगच निघायचे.

ही माहिती व्हॉट्सअॅप गटावर टाकायची नाही. एकटी म्हातारी कुठे राहते आणि तिच्या घराची किल्ली कोणाकडे असते, हे गटावर गेले की ते कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. यादी कागदावर करायची, दोनच प्रती. एक वाडीच्या गटप्रमुखाकडे, दुसरी धर्मग्रामाच्या कार्यालयात कुलपात. पावसाळा संपला की फाडून टाकायची, पुढच्या मेमध्ये नवी करायची. माणसे वर्षभरात आजारी पडतात, बरी होतात, घर सोडून जातात, आणि कधी कधी देवाघरीही जातात.

कोण हवे आहे

पोहता येणारे हवेत, हे खरे. पण पोहणारे मूठभरच लागतात. बाकीची कामे अशी :

परिचारिका. आपल्या घराघरांतल्या मुली नर्सिंगमध्ये आहेत. ड्यूटीमुळे तुम्हाला रविवारी येता येत नसेल तर या तरुणांना एक संध्याकाळ द्या आणि शिकवा : माणसाला कसे उचलायचे, कमरेला इजा न होऊ देता कसे वळवायचे, रक्तातली साखर उतरली तर काय दिसते, जखम कशी झाकायची.

वाहनवाले. टेम्पो, ट्रॅक्टर, उंच चाकांची जीप. रिक्षावाल्यांनो, तुम्हाला गल्लीगल्ली माहीत आहे. कुठले पाणी घोट्याला आहे आणि कुठले छातीला, हे तुमच्याइतके कोणाला कळत नाही.

वायरमन. पुरात माणसे बुडून जशी मरतात, तशी विजेच्या धक्क्यानेही मरतात. पाण्यातल्या खांबाला हात लावू नये, मेन स्विच कधी बंद करावा, ओल्या भिंतीवरचे बटण का दाबू नये, हे प्रत्येक स्वयंसेवकाला सांगणारा एक जाणता माणूस प्रत्येक गटात हवा.

कोळी बांधव. १ जूनपासून यांत्रिक मासेमारीला बंदी लागते. पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा. किनाऱ्याला होड्या ओढलेल्या असतात आणि घरात तरणीताठी पोरे असतात. २०१८च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला तेव्हा किनाऱ्यावरचे मच्छीमार आपल्या नावा ट्रकवर चढवून आतल्या गावांत घेऊन गेले. तिथल्या सरकारच्या हिशेबाप्रमाणे त्यांनी ६५ हजारांहून अधिक माणसे वाचवली. त्यात ख्रिस्ती होते, मुसलमान होते, हिंदू होते. आपल्याला मोठी नाव नको. गल्लीत शिरेल अशी सपाट बुडाची छोटी होडी, दोर, बांबू आणि पाण्याची ओढ ओळखणारे दोघे जण पुरेसे आहेत. प्रत्येक कोळीवाड्याने एक होडी आणि चार तरुण राखून ठेवावेत, अशी हात जोडून विनंती.

फोनवर बसणारे. हे काम कमी दर्जाचे समजू नका. कोण कुठे गेले, कोण परत आले, कुठल्या घराचा निरोप आला, हे वहीत वेळेसकट लिहून ठेवणारा माणूस नसेल तर एकाच घरी तीन गट जातात आणि दुसऱ्या घरी कोणीच जात नाही. निवृत्त शिक्षकांनो, शिक्षिकांनो, तुमचे अक्षर आणि तुमची शिस्त आम्हाला हवी आहे.

स्वयंपाक करणाऱ्या. लग्नाच्या मांडवात हजार पाने उठवणाऱ्या बाया आपल्या प्रत्येक गावात आहेत. शंभर माणसांची खिचडी तुमच्यासाठी काहीच नाही. फक्त गॅस, तांदूळ आणि कोरडी जागा आधी ठरवून ठेवू या.

संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय असो की वर्तक महाविद्यालय, एनएसएसच्या विद्यार्थ्यांनाही हे आमंत्रण आहे. धर्मग्रामाचे सभासद असण्याची अट नाही.

वयाची अट मात्र आहे. १८ वर्षांखालील कोणीही पाण्यात उतरणार नाही. त्यांनी पाकिटे भरावीत, याद्या उतरवाव्यात, मोबाइल चार्ज करून द्यावेत. मोठ्यांनीही एकट्याने जायचे नाही. दोर, शिट्टी, बूट आणि परतीची वेळ सांगून निघायचे. धनुर्वाताची लस घेतलेली नसेल तर आजच घ्या. वाहत्या पाण्यात शिरायचे असेल तर ते काम अग्निशमन दलाचे आणि एनडीआरएफचे आहे. शूरपणाच्या नादात बुडालेला स्वयंसेवक शोधायला आणखी दहा जणांना पाण्यात उतरावे लागते.

काय द्यावे, काय देऊ नये

जुने कपडे देऊ नका. दर पुरानंतर सभागृहात फाटक्या साड्यांचे आणि बटणे तुटलेल्या शर्टांचे ढीग पडतात आणि ते उपसण्यात तरुणांचे दोन दिवस जातात. घरी शिजवलेले अन्न न विचारता पाठवू नका. दुपारी नासते आणि संध्याकाळी जुलाब सुरू होतात.

द्यायचेच असेल तर हे द्या : ताडपत्र्या, नायलॉनचे जाड दोर, लाइफ जॅकेट, गमबूट, चार्जिंगचे दिवे, पॉवर बँक, घडीचे स्ट्रेचर, चाकांची खुर्ची, मोठ्या माणसांचे डायपर, सॅनिटरी पॅड, ओआरएसची पाकिटे, पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या, नवीन चादरी, बाळाचे दूध, फावडी, घमेली, रबरी हातमोजे, फिनाइल. शेवटच्या चार वस्तूंकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि पाणी ओसरल्यावर त्यांच्यावाचूनच काम अडते.

पैसे द्यायचे असतील तर धर्मग्रामाच्या खात्यातच द्या आणि पावती घ्या. रस्त्यावर डबा घेऊन फिरणाऱ्याला, मग तो कोणाचेही नाव सांगो, रोख देऊ नका. प्रत्येक धर्मग्रामाने जमा आणि खर्च दर महिन्याला चर्चच्या दाराशी फळ्यावर लावावा. बिले मागणारा माणूस शत्रू नव्हे, तो आपला रखवालदार आहे.

पाणी ओसरल्यानंतर

वर्तमानपत्रातले फोटो तीन दिवसांत थांबतात. घरातला चिखल तेव्हा कुठे सुकायला लागलेला असतो. स्वयंसेवकांची खरी ओढाताण इथून पुढे सुरू होते, आणि इथेच त्यांची संख्या अर्ध्यावर येते. म्हणून नाव देताना स्पष्ट सांगा : पुराच्या दिवशी येणार, की पुरानंतरच्या आठवड्यात? दोन्ही जमत नसेल तर दुसरे निवडा.

पहिले काम पंचनाम्याचे. साफसफाई सुरू करण्याआधी प्रत्येक घरातल्या नुकसानीचे फोटो काढा : भिंतीवरची पाण्याची खूण, भिजलेले धान्य, फुगलेले कपाट, मुलांची दप्तरे. तलाठी येतो तेव्हा घर स्वच्छ असेल तर नुकसान दाखवणार काय? ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज भरून द्या, ज्यांचे कागद वाहून गेले त्यांच्याबरोबर तहसील कार्यालयात जा. एका म्हाताऱ्याबरोबर रांगेत घालवलेली एक सकाळ दहा किलो तांदळाच्या पिशवीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

दुसरे काम आरोग्याचे. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि पायाच्या बारीकशा जखमेतून शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे काही दिवसांनी दिसतात, आणि तोवर माणूस पूर विसरलेला असतो. पाण्यातून चाललेल्या प्रत्येकाने, स्वयंसेवकांनी तर नक्कीच, ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे. प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन घ्यायची का आणि किती, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना ते औषध सरसकट देता येत नाही, म्हणून गोळ्या वाटत सुटू नका. जुलाब झालेल्याला ओआरएस मिळाले नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

तिसरे काम बसून ऐकण्याचे. ज्याचे घर गेले त्याला आधी बोलायचे असते. भाकरी देऊन लगेच निघू नका.

कोणाचा धर्म विचारायचा नाही

एक गोष्ट स्पष्टच बोलू या, कारण ती मनात ठेवून काम होत नाही. ख्रिस्ती तरुण मदतीला गेले की कोणीतरी हळूच विचारते, 'यामागे काय आहे?' त्याचे उत्तर वागण्यातूनच द्यावे लागेल. मदतीच्या पिशवीत पत्रक नाही. पाकिटावर क्रूस नाही, धर्मग्रामाचे नाव नाही. कोणाच्या घरात शिरताना त्याच्या देव्हाऱ्यापुढे चपला काढायच्या, त्याच्या कुराणाची प्रत आधी उंच ठेवायची, मग फ्रिज. उपासाच्या दिवशी त्याला काय चालते ते विचारायचे. गुरांना आणि कुत्र्यांनाही सोडून यायचे नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत : भुकेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. त्या यादीत धर्म हा रकाना नाही. मग आपल्या यादीत तो कशाला?

हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांनो, तुम्हाला ही मुले ओळखीची नसतील तर त्यांना दारात उभे करून चार प्रश्न विचारा. तुमचा तो हक्क आहे. पण त्यानंतर तुमच्या गणेश मंडळाचे चार कार्यकर्ते, तुमच्या मशिदीच्या कमिटीतले दोघे या कामात घाला. मिरवणुकीत गर्दी आवरण्याचा, रात्रभर जागण्याचा, वर्गणीचा हिशेब ठेवण्याचा सराव तुमच्याइतका आमच्याकडे नाही.

आईबापांना, परदेशातल्या मुलांना आणि पालिकेला

आईबापांनो, मुलाला पाण्यात पाठवायला जीव होत नाही, हे समजते. त्याला पाण्यात पाठवू नका. घरभेटीला पाठवा, फोनवर बसू द्या, चिखल काढायला पाठवा. आणि मुलीला घरी ठेवून फक्त मुलाला पाठवू नका. एकट्या बाईच्या घरात, बाळंतिणीच्या घरात, डायपर बदलायची वेळ आलेल्या आजीच्या घरात मुलगीच लागते.

परदेशातल्या वसईकरांनो, तुमच्या पैशांची गरज आहेच. पण त्याआधी आज रात्री घरी फोन करा आणि वरचे सहा प्रश्न आईबाबांना विचारा. औषधांची यादी मागवून घ्या. शेजाऱ्याचा नंबर घ्या. दुसरी किल्ली कोणाकडे द्यायची ते ठरवा. तुमचे आईबाबा 'आम्हाला काही होत नाही' असेच म्हणतील. त्यांचे ऐकू नका, त्यांचे नाव यादीत घाला.

वसई-विरार महानगरपालिकेला आणि पालघर जिल्हा प्रशासनाला एक विनंती आणि एक आठवण. विनंती अशी की निवाऱ्यासाठी कोणत्या शाळा उघडणार, किल्ल्या कोणाकडे असतील आणि रात्री कोणाला फोन करायचा, हे मे महिन्यातच प्रत्येक वॉर्डात लावा. आठवण अशी की नालेसफाई, पाणथळ जागांचे रक्षण आणि भरावाला आळा हे तुमचे काम आहे. स्वयंसेवक आहेत म्हणून ते टळत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीत इथली साधी शेतकरी माणसे, बाया आणि तरुण वसईची शेती, पाणी आणि हिरवाई वाचवण्यासाठी रस्त्यावर आले होते. फादर २०२४च्या जुलैत गेले, ते प्रश्न गेलेले नाहीत. पुरात बोट चालवणाऱ्या तरुणाने पूर का आला हेही विचारायलाच हवे, आणि वॉर्डाच्या सभेत उठून विचारायला हवे.

या रविवारी काय करायचे

धर्मगुरूंनो, या रविवारच्या प्रत्येक मिस्सेनंतर पाच मिनिटे द्या. प्रवचन छोटे झाले तरी चालेल. दाराशी एक टेबल, एक वही, दोन पेन आणि दोन तरुण बसवा.

तरुणांनो, त्या वहीत नाव, वय, वाडी, रक्तगट, काय येते (पोहणे, गाडी, नर्सिंग, वायरिंग, स्वयंपाक, हिशेब) आणि महिन्यातून किती तास देऊ शकता, एवढे लिहा. 'कधीही बोलवा' असे लिहू नका. असे लिहिणारा सहसा येत नाही. 'दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, सकाळी ९ ते १२' असे लिहा. रोज पहाटेच्या लोकलने चर्चगेट गाठणाऱ्याला यापेक्षा जास्त जमणार नाही आणि तेवढे खूप आहे.

त्याच दिवशी वाडीवाडीत प्रार्थनेसाठी जमणाऱ्या छोट्या समूहांनी आपल्या वाडीतल्या यादीला सुरुवात करावी. ३१ मेपर्यंत घरभेटी संपवाव्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी रंगीत तालीम करावी : वीज बंद धरायची, एक 'रुग्ण' तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत खाली आणायचा, आणि किती वेळ लागला ते घड्याळात पाहायचे. पहिल्यांदा फार वेळ लागेल. म्हणूनच ती तालीम पाण्याआधी करायची.

आणि हे नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत चिकटवा : आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७.

ज्यांना चर्चमध्ये जायचे नाही, त्यांनी आपल्या इमारतीच्या सेक्रेटरीला घेऊन हीच यादी इमारतीपुरती करावी. चाळीस घरांच्या इमारतीत असे तीन-चार जण निघतात. त्यांची नावे आणि त्यांना जबाबदार असलेल्या दोघांची नावे जिन्याखालच्या फळ्यावर न लावता सेक्रेटरीकडे ठेवावीत. एवढे केले तरी त्या इमारतीपुरते हे आवाहन पूर्ण झाले.

वही रविवारी सकाळी पहिल्या मिस्सेपासून दाराशी असेल. नाव लिहून घरी जा, आणि जाताना शेजारच्या एका दारावर थाप मारून विचारा : तुमच्याकडे कोणाला उचलून न्यावे लागेल का?